अपेक्षित कालावधी

भागीदार नवा असला की पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, वाटा किती टक्के? जुना झाला, दोनदा पोळला, की मग विचारतो, टक्के कशावर? या दोन प्रश्नांच्या मधल्या अंतरावर हयवदनचं घर गेली अकरा वर्षं चालत होतं.

महादेवपुऱ्यातल्या एका काचेच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर, तो पार्टनर प्रोग्रॅमचा प्रमुख होता. कंपनी छोट्या दुकानदारांसाठी ‘दुकानदीप’ नावाचं ॲप विकायची. बिलं, माल, उधारी, सगळं फोनवर. पण कंपनीतल्या कोणालाही उन्हातान्हात दुकानोदुकानी फिरायची हौस नव्हती. ते काम भागीदार करत. कोणी कॅमेरे बसवणारा, कोणी झेरॉक्सवाला, कोणी टॅक्सचे कागद भरून देणारा. त्यांनी ग्राहक आणायचा, पोर्टलवर त्याचं नाव सगळ्यांत आधी नोंदवायचं, आणि मग ग्राहक दर महिन्याला जे भरेल त्यातले वीस टक्के भागीदाराला. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘आयुष्यभर वाटा’. कोणाच्या आयुष्यभर, हे कराराच्या चौदाव्या कलमात होतं: ग्राहकाच्या. ते कलम हयवदननेच लिहिलं होतं, आणि लिहिताना त्याला आपण फार चतुर आहोत असं वाटलं होतं.

नोंदणीच्या फॉर्मवर एक रकाना होता, ‘अपेक्षित कालावधी’. म्हणजे हा ग्राहक किती काळ टिकेल असं तुम्हाला वाटतं. ही कल्पना स्ट्रॅटेजीतल्या एका हुशार माणसाची. तो रकान्यापुढे लाल चांदणी लावून सिंगापूरला निघून गेला. चांदणी असल्यामुळे रकाना रिकामा सोडता येत नसे. सगळे भागीदार डोळे झाकून छत्तीस महिने टाकत, आणि हयवदन डोळे झाकून मंजूर करत असे. पन्नास-पन्नास नोंदण्या एका टिचकीत.

ऑक्टोबरच्या सात तारखेला ऑडिटची अनुषा लॅपटॉप उघडा धरूनच त्याच्या टेबलापाशी आली. अनुषा पुण्याची, तिशीची. हयवदन घरी मराठी बोलतो हे कळल्यापासून ती त्याच्याशी मराठीतच बोलायची, आणि त्याच्या मराठीला क्यूट म्हणायची. त्याचे पूर्वज ही भाषा घेऊन बंगळुरात आले तेव्हा पुण्यात बघण्यासारखं काही नव्हतं, हे तो दर वेळी मनातल्या मनात म्हणायचा.

“सर, तुम्ही बसलेले आहात ना?”

“बसलोच आहे की अम्मा. सांग.”

“परसू एंटरप्रायझेस, होसकोटे. एकशे अठरा कस्टमर्स. एकही कंप्लेंट नाही, एकही डिस्प्यूट नाही. बाकीचे लोक तीन रुपयांसाठी तीन मेल पाठवतात. हा माणूस फोनच करत नाही.”

“मग सत्कार करू या त्याचा.”

“थांबा. हा कॉलम बघा.”

अपेक्षित कालावधीचा कॉलम होता. चौदा महिने सहा दिवस. एकतीस महिने. बावीस वर्षे चार महिने. नऊ महिने एकोणीस दिवस. एकाही ओळीत छत्तीस नव्हते.

“दिवस पण भरलेत?” हयवदन म्हणाला.

“दिवस पण. आणि आता हा कॉलम. मालकाने ॲप शेवटचं कधी उघडलं, त्याची तारीख. एकशे अठरापैकी नऊ अकाउंट बंद पडलेत. नऊच्या नऊ, त्याने सांगितलेल्या दिवशी. एक दिवस पुढे नाही, मागे नाही.” तिने लॅपटॉप खाडकन मिटला. “फ्रॉड आहे. खोटी दुकानं उघडायची, जॉइनिंग बोनस घ्यायचा, ठरल्या दिवशी बंद करायची. तुम्ही त्या नऊ जणांना फोन करता का प्लीज? तुम्हाला कन्नड येतं.”

हयवदनने जेवण झाल्यावर फोन लावायला घेतले. पहिलं दुकान होसकोट्यातली बेकरी. बाईंनी उचलला. ॲप का बंद केलंत, काही अडचण होती का, असं त्याने तोंडपाठ विचारलं. बाई म्हणाल्या, आमचे मालक फेब्रुवारीच्या तीन तारखेला गेले. दुसरं वेल्डिंगचं दुकान. भाऊ बोलला. पाण्याच्या टँकरखाली आला हो. तिसरं मुलांचं हॉस्टेल, इथलंच, ऑफिसच्या मागच्या गल्लीतलं. डेंगी. चौथा गच्चीवरून पडला होता. पाचवी म्हातारी होती आणि नुसतीच झोपेत गेली होती. सहाव्या फोनला पलीकडून कोणी ‘हॅलो’ म्हणायच्या आतच हयवदन ‘सॉरी’ म्हणाला.

सातवा फोन त्याने केला नाही. खून नव्हता, विष नव्हतं, एक डॉक्टर नव्हता, एक रोग नव्हता. नऊ माणसं नऊ रस्त्यांनी गेली असणार, आणि परसू एंटरप्रायझेसने ती तारीख महिनोन्‌महिने आधी कंपनीच्या फॉर्मवर, लाल चांदणीला मान देऊन, भरून ठेवली होती.

मग त्याला आठवलं.

नीरजाने, त्याच्या बायकोने, मे महिन्यात कडुगोडीला एक गाळा भाड्याने घेतला होता. चटणीपुडी, साराच्या मसाल्याची सारपुडी, मेतकूट. वीस वर्षं नातेवाइकांना फुकट वाटून झाल्यावर तिने ते विकायचं ठरवलं होतं. तिला दुकानदीप हवं होतं. कर्मचाऱ्याच्या बायकोला थेट द्यायचं तर नियमांची भानगड. म्हणून एखाद्या भागीदारामार्फत द्यायचं. कोणाला सांगावं? हयवदनने मुद्दाम असा भागीदार निवडला की ज्याचे कागद स्वच्छ असतात आणि जो कधी तक्रार करत नाही.

ओळ एकशे सहा. नीरजा हयवदन राव, नीरजा पुडी, कडुगोडी. नोंदणी दोन जून. अपेक्षित कालावधी: पाच महिने नऊ दिवस. मंजूर: हयवदन.

त्याने टेबलाखाली बोटांवर मोजलं. अकरा नोव्हेंबर. पस्तीस दिवस.

व्हाइटफील्डच्या घरी पोचायला त्या संध्याकाळी त्याला दीड तास लागला, आणि आयुष्यात प्रथमच त्याने सिग्नलला शिव्या दिल्या नाहीत. नीरजा स्वयंपाकघरात लेबलं चिकटवत होती. जिभेला पाणी सुटेल असा भाजलेल्या डाळीचा वास घरभर होता.

“उद्या हॉस्पिटलात जायचं,” तो म्हणाला. “पूर्ण तपासणी.”

“कोणाची?”

“तुझी.”

“मला काय धाड भरलीय? दिवाळीच्या ऑर्डरी डोक्यावर आहेत. चाळीस किलो चटणीपुडी कोण, तुमचा सहावा मजला करून देणार?”

“पॅकेज फुकट आहे. ऑफिसकडून.”

फुकट म्हटल्यावर ती गेली. रक्त, लघवी, हृदय, छाती, डोकं, सगळं बघून डॉक्टर म्हणाले, यांना काही झालेलं नाही, यांच्या निम्म्या वयाच्या बायकांनाही असा रिपोर्ट येत नाही. मग त्यांनी हयवदनकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, तुमचंच स्वल्प बघू या का? तो नको म्हणाला. येताना नीरजा गाडीत बराच वेळ हसत होती.

त्यानंतर त्याने टँकरचा विचार केला, गच्चीचा केला, गाळ्यातल्या गॅसचा आणि मिक्सरच्या वायरचा केला. वायर बदलून घेतली. नीरजाला चार दिवस घरी बसवून पाहिलं. पाचव्या दिवशी ती म्हणाली, तुम्ही मला सांगा, ती कोण आहे? त्याला कळेपर्यंत एक मिनिट गेलं. दुसरी कोणी बाई असती तर किती बरं झालं असतं, असं त्याला खरोखर वाटून गेलं.

मग तो एका दुपारी कोणाला न सांगता पोर्टलमध्ये शिरला. प्रमुख म्हणून त्याला सगळं बदलता येत होतं. पाच महिने नऊ दिवस खोडून त्याने पन्नास वर्षं टाकली. जतन झालं. हिरवी खूण आली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने उघडून पाहिलं तर पन्नास वर्षंच होती. पण त्याने रात्रभर जे करायचं टाळलं होतं, ते मग केलं. परसूच्या जुन्या नोंदींत एक दहावी ओळ आदल्या दिवशी संपणार होती, एका टायरवाल्याची; तिच्यातही त्याने पन्नास वर्षंच टाकली होती. तिथे फोन लावला. फोन टायरवाल्याच्या मुलीने उचलला, आणि मागे रडण्याचा आवाज होता.

हयवदनने दोन्ही ओळींतली पन्नास वर्षं पुसली आणि नीरजाच्या नावापुढे पुन्हा पाच महिने नऊ दिवस लिहिले. कंपनीच्या नोंदी खऱ्या असाव्यात, ही सवय अकरा वर्षांची होती.

वीस ऑक्टोबरला त्याने गाडी काढली आणि होसकोट्याला गेला.

परसू एंटरप्रायझेस म्हणजे बसस्टँडमागच्या गल्लीत दहा बाय बाराचं दुकान. कॅमेऱ्यांची खोकी, हजेरीची यंत्रं, वायरींची भेंडोळी. पस्तिशीचा परसू स्क्रू पिळत बसला होता. मागे खुर्चीवर त्याचा बाप, रघुजी, पांढऱ्या मिशांचा, डोक्याला लाल पटका. राउटरखालच्या खुंटीवर एक ठिगळा-ठिगळांचा लांब कोट आणि मुठीएवढं डमरूसारखं वाद्य टांगलेलं होतं. रघुजीची नजर समोरच्या पडद्यावर होती. पडद्यावर सोळा चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एक दुकान. त्यांनी बसवलेल्या कॅमेऱ्यांची जोडणी तपासायला म्हणून हे असतं, असं भागीदार सांगतात. खालच्या ओळीत, डावीकडून तिसऱ्या चौकोनात, नीरजा पुड्या बांधत होती.

“या साहेब, बसा,” परसू म्हणाला. बोली बेळगाव-विजापूरकडची. “कॉफी सांगू?”

“तो आकडा कोण भरतं?” हयवदनने उभ्याउभ्याच विचारलं.

परसूने कोणता आकडा असं विचारलं नाही. “बाबा सांगतो, मी भरतो.”

“ते कशावरून सांगतात?”

“आमी बुडबुडकी न्हवं का. बाबा पंचवीस गावं फिरायचा हितली. पहाटे दारात हुबं ऱ्हायाचं, बुडबुडकं वाजवायचं, घराला शब्द सांगायचा. सुगीला जाऊन वाटा घ्यायचा, मापटंभर नाचणी. त्या घरात दुसऱ्यानं जायाचं न्हाई. ज्यानं आधी शब्द दिला त्येचं घर. आन ते माणूस हाय तवर वाटा.” परसू स्क्रूड्रायव्हरने कान खाजवत म्हणाला, “तुमच्या कंपनीचं आमास्नी फार नवल वाटलं न्हाई. तुमी पावती देता, एवढंच निराळं.”

“आणि किती दिवस, हेही सांगायचे?”

“छ्या! ज्येचं त्येला कधीच न्हाई. बाबा दोराला गाठी मारून ठेवायचा, आमच्यापुरतं. फुडल्या सुगीला कुठल्या घरी जायाचं, कुठल्या न्हाई. उगा पायपीट कशाला?”

हयवदनच्या कंपनीत याच कामाला सात माणसं होती आणि त्यांचा अंदाज चाळीस टक्क्यांनी चुकायचा.

“मग फॉर्मवर का भरलंत?”

“लाल चांदणी होती की वो! रिकामं सोडलं तर फुडं जाईना. मी छत्तीस टाकत हुतो, बाकीच्यांगत. बाबा म्हणाला, कागदावर लबाड लिवू नको, कंपनीचं काम हाय.”

हयवदन खाली बसला. पडद्यावर नीरजा कोणाला तरी हसून सुट्टे पैसे देत होती. आवाज नव्हता.

“ती माझी बायको आहे.”

“ठाव हाय. कॅमेरा बसवाय आमी दोघं गेलतो. वैनींनी डबाभर पुडी दिली.”

“तेव्हाच का नाही बोललात?”

रघुजी पहिल्यांदा बोलला. पडद्यावरची नजर न काढता. “तुमी इचारलं न्हाई. फॉर्मानं इचारलं. फॉर्माला सांगितलं. तुमी मंजूर केलं.”

एका टिचकीत पन्नास. त्यातलं एक हे होतं.

“आकडा बदला,” तो म्हणाला. “मी बदलून बघितला. तुम्ही बदललात तर होईल. तुमचा आहे तो.”

“घड्याळाचा काटा फिरवला म्हणून दिवस लांबतोय व्हय?”

“मग तुमच्याकडून काढून घेतो. कंपनीच्या खात्यात टाकतो तिला. तिथे हा रकानाच नसतो.”

“टाका की. आकडा दिसायचा न्हाई. बाकी काय हुणार न्हाई.” रघुजीने आता मान वळवली. डोळे पाण्यासारखे फिकट होते. हयवदनला वाटलं, आपल्याकडे बघतोय. मग कळलं, आपल्या थोडंसं पुढे बघतोय, जिथे आपण अजून पोचलेलो नाही तिथे.

“दोर तोकडा आसला तर जोडत्यात,” रघुजी म्हणाला. “घरातल्या दुसऱ्या माणसानं आपल्यातला द्यायचा.”

“किती?”

“जेवढा वाटा म्हणाल तेवढा.”

“कशातला वाटा?” हयवदनच्या तोंडून सवयीने गेलं. “माझा किती आहे?”

परसू हळूच हसला आणि पुन्हा स्क्रूकडे वळला. रघुजी हसला नाही. “ते बघून द्यायचं नसतंय. बघून दिलं की माणूस मोल कराय लागतो. न बघता दिलं तर दान, बघून दिलं तर सौदा. सौद्यानं दोर जुळत न्हाई.”

“नुसता अंदाज सांगा. जास्त आहे की कमी?”

म्हातारा पुन्हा पडद्याकडे बघू लागला.

“बरं. काय करायचं असतं?”

“आदी मी दोर जोडायचो,” रघुजी म्हणाला. “ह्या बाईचा दोर म्या केलाच न्हाई. सगळं तुमच्या मशिनीत हाय. तितंच जोडा.”

पोर्टलवर ‘जॉइंट पार्टनर’ म्हणून एक सोय होती. एकाच ग्राहकावर दोन भागीदार. दोघांचा वाटा टक्क्यांत लिहायचा. मूळ भागीदाराने, नव्या भागीदाराने आणि ग्राहकाने, तिघांनी होकार दिला की पक्कं. एकदा पक्कं झालं की मागे घेता येत नाही. ही अट घातली तेव्हा भागीदारांनी फार आरडाओरडा केला होता, आणि हयवदनने त्यांना थंडपणे सांगितलं होतं की दिलेला वाटा परत मागणं धंद्यात शोभत नाही. कर्मचाऱ्याने स्वतः जॉइंट पार्टनर व्हायचं नाही, झाल्यास नोकरीवरून काढण्यात येईल, ही अटही त्याचीच. ती त्याने वाचली आणि खालच्या चौकोनात खूण केली.

मग टक्क्यांची खिडकी उघडली.

त्याने दहा टाकले. तीस वर्षं उरली असतील तर तिला तीन वर्षं मिळतील. वाईट नाही, सुरुवातीला तीन वर्षं. पण तीसच्या ऐवजी तीनच असतील तर? मग तिच्या वाट्याला चार महिनेही येत नाहीत. त्याने दहा पुसून वीस टाकले, कंपनीचा नेहमीचा दर. स्वतःचीच शरम वाटली. पंचवीस. तीस. अकरा वर्षं त्याने या खिडकीच्या पलीकडे बसून माणसांना सांगितलं होतं, अहो टक्के बघा, रकमेची चिंता करू नका, रक्कम येईलच. ती माणसं कशी घाम पुसत होकार द्यायची, ते त्याला आत्ता दिसलं. अंधारातल्या हंड्यात हात घालून मूठभर द्यायचं कबूल करायचं, आणि हंड्यात काय आहे, आहे का काही, हे माहीत नाही.

परसू पाठ फिरवून उभा राहिला. सभ्य माणूस.

पन्नास टाकले तर पोर्टलचा नियम वेगळा होता. पन्नासला दोघांचं एकत्र करून सरळ निम्मं व्हायचं. म्हणजे दोघांचा एकच आकडा, दोघांची एकच तारीख. हयवदनने ते टाकलं ते काही थोरपणाने नव्हे. बाकी कोणत्याही टक्क्याला दोघांपैकी एक जण मागे राहतो, आणि मागे राहणाऱ्याला पुष्कळ फॉर्म भरावे लागतात. नीरजाला फॉर्म भरायचा कंटाळा. तिच्याशिवाय रोज सकाळी कॉफी करायची कल्पना त्याला सहन होत नव्हती, पण हे कारण त्याने स्वतःला सांगितलं नाही.

त्याने होकार दिला. परसूने आपल्या फोनवर दिला. पडद्यावर, खालच्या ओळीत तिसऱ्या चौकोनात, नीरजाचा फोन उजळला. तिने हात पदराला पुसले, फोन उचलला, जगातले सगळे ग्राहक करतात तसं न वाचताच अंगठा टेकवला, आणि पुन्हा पुड्या बांधायला लागली.

एक चक्र फिरलं. मग नवी ओळ आली.

अपेक्षित कालावधी, आजपासून: चार वर्षे दोन महिने.

हयवदन बेरजेत पक्का होता. चार वर्षं दोन महिने दुणे आठ वर्षं चार महिने. त्यातून नीरजाचे बावीस दिवस वजा. म्हणजे त्याचं स्वतःचं सव्वाआठ वर्षं होतं. तो बावन्न वर्षांचा होता. वडील चौऱ्याऐंशीला गेले, म्हणून त्याने दोन वर्षं कमी धरून सगळे हिशेब ब्याऐंशीपर्यंतचे केले होते. घराचे हप्ते, मुलीचं लग्न, म्हैसूरला छोटंसं घर, पेन्शनची योजना. हंड्यात हात घालून निम्मं दिलं तेव्हा आपण केवढं देतोय असं वाटलं होतं. हंड्यात फारसं काही नव्हतंच.

“झालं?” रघुजीने विचारलं.

“झालं.”

“आता मोजत बसू नका.”

“सरी, बरं,” हयवदन म्हणाला. मोजून तर झालं होतं.

ऑडिटसाठी त्याने दोन ओळींचा अहवाल लिहिला. गैरव्यवहार आढळला नाही. भागीदाराचे अंदाज अचूक आहेत. अनुषा तो वाचून म्हणाली, “सर, हे सीरियसली? मग ते करतात कसं?”

“घरचा धंदा आहे. पिढीजात.”

“मग आपण यांचं मॉडेल सगळ्या पार्टनर्सना का नाही देत? किंवा सरळ एम्प्लॉईजसाठी वापरू. कोण किती वर्षं टिकेल, एचआरला किती उपयोग होईल!”

“नको,” हयवदन इतक्या जोरात म्हणाला की पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी हेडफोन काढले.

अकरा नोव्हेंबरला त्याने रजा टाकली आणि सकाळपासून गाळ्यात जाऊन बसला. एकदा मिक्सर धाडकन बंद पडला. एकदा समोर टँकर उलटा येत होता, त्याला त्याने हात वर करून थांबवलं, आणि ड्रायव्हरने त्याला कन्नडमध्ये पुष्कळ ऐकवलं. साडेतीन वाजता नीरजाला ठसका लागला, मिरचीपुडीचा, आणि ती खोकता खोकता भिंतीला टेकली. हयवदन पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. तिचे डोळे पांढरे दिसत होते. वर कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याचा लाल ठिपका जळत होता, आणि त्या ठिपक्याच्या पलीकडे होसकोट्यात एक म्हातारा पापणी न हलवता बघत असणार, हे त्याला ठाऊक होतं.

मग ती शिंकली. तीनदा. “उठा,” ती म्हणाली, नाक पुसत. “गिऱ्हाईक काय म्हणेल?”

आठ वाजता तिने शटर ओढलं. बाराचे ठोके पडले तेव्हा ती घोरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्याचे मालक दयानंद शेट्टी कागद घेऊन आले. दिवाळीची विक्री बघून त्यांना हे गिऱ्हाईक कायमचं हवं होतं. पाच वर्षांचा करार, भाडं एक पैसा वाढणार नाही. नीरजाचा चेहरा उजळला.

“चार वर्षांचा कर,” हयवदन म्हणाला.

“का? पाचाला भाडं बांधून देतायत ते.”

“चार बास.”

“पाचव्या वर्षाने तुमचं काय घोडं मारलंय?”

“बरं, चार वर्षं दोन महिने.”

दयानंद हसले. “सार, दोन महिन्यांचा कोण लिहितो? वर्षांचाच असतो करार. बेकाद्रे, हवं तर, सहा वर्षांचा करू?”

“अहो, तुम्ही स्वल्प गप्प बसा,” नीरजा म्हणाली. “तुमच्या ऑफिसातले टक्के इथे नकोत. माझं दुकान आहे.” आणि तिने पेन उघडून, नेहमीसारखं न वाचता, पाच वर्षांवर सही केली. मग कागद त्याच्याकडे सरकवला. साक्षीदार म्हणून घरचं एक माणूस लागत होतं.

हयवदनने तारीख घातली, आणि सही करायच्या आधी, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढला.